‘अनटचेबल’ कादंबरीतील नाती आणि सीमारेषा



आजच्या व्याख्यानासाठी मी एक इंग्रजी कादंबरी निवडली, याचे काहींना नवल वाटले असेल. मी बँकेत कारकून आहे. रोख रक्कम, व्हाउचर आणि खातेउतारे यांच्याशी दिवसभर माझा संबंध. परंतु पदवीचे शिक्षण कला शाखेत झाले आणि त्या वेळी लागलेली वाचनाची सवय नोकरीत सुटली नाही. ज्या पुस्तकाविषयी मी बोलणार आहे त्याची भाषा इंग्रजी असली, तरी त्यातला पाणवठा, त्यातली भाकरी आणि त्यातला विटाळ आपल्या वाडवडिलांच्या चांगल्या परिचयाचा आहे. लेखकाचे नाव मुल्कराज आनंद आणि कादंबरीचे नाव ‘अनटचेबल’, म्हणजे अस्पृश्य. १९३५ साली ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकताना जेन ऑस्टिन आणि चार्ल्स डिकन्स ही नावे हमखास येतात. त्यांच्याही कादंबऱ्यांत माणसामाणसांमध्ये सीमारेषा आहेत. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही ऑस्टिनबाईंची कादंबरी १८१३ सालची. तिच्यात श्रीमंत डार्सी आणि बेताच्या घरातली एलिझाबेथ यांच्यामध्ये पैशाची आणि घराण्याच्या अभिमानाची भिंत आहे. शेवटी लग्न होते आणि भिंत पडते. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये पिप नावाचा गरीब मुलगा पैसा हाती येताच लंडनला जाऊन साहेब होतो, आणि त्याला लहानाचा मोठा करणारा जो लोहार भेटायला आला की त्याला शरम वाटू लागते. ही सीमा क्रूर आहे खरी, पण ती पैशाने ओलांडता येते. पिपने ती ओलांडलीच. आता मनात प्रश्न असा धरा की, जिथे पैसा जवळ असूनही सीमा ओलांडता येत नाही, उलट त्या पैशालाच आंघोळ घालतात, तिथे माणसांची नाती कशी असतील? ‘अनटचेबल’ ही त्या प्रश्नाची कादंबरी आहे.

प्रथम लेखकाविषयी थोडेसे. मुल्कराज आनंद यांचा जन्म १९०५ सालचा, पेशावरचा. वडील फौजेत नोकरीला, त्यामुळे बालपण छावण्यांतून गेले. उच्च शिक्षण लंडनमध्ये झाले. ही कादंबरी लिहून झाल्यावर अनेक प्रकाशकांनी ती परत केली. अखेर ई. एम. फॉर्स्टर या नामवंत इंग्रज कादंबरीकाराची प्रस्तावना मिळाली आणि पुस्तक बाहेर पडले. हस्तलिखित घेऊन आपण साबरमतीला गांधीजींकडे गेलो होतो आणि त्यांच्या सूचनेवरून बराच मजकूर गाळला, असे आनंद यांनी पुढे लिहून ठेवले आहे. महाराष्ट्राशीही त्यांचा दीर्घ संबंध होता. ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक त्यांनी १९४६ साली मुंबईत सुरू केले, आणि २००४ साली त्यांचे निधन पुण्यात झाले.

कथानक एका दिवसाचे आहे. पंजाबातल्या बुलाशा नावाच्या गावाजवळ छावणी आहे. तिथे शौचकूप साफ करणारा बखा हा अठरा वर्षांचा तरुण या कादंबरीचा नायक. बाप लखा झाडूवाल्यांचा जमादार. धाकटा भाऊ रखा, बहीण सोहिनी. आई वारलेली. सकाळी बापाच्या शिव्या खात बखा उठतो, आणि रात्री घराकडे परततो तेव्हा कादंबरी संपते. एवढ्या एका दिवसात त्याला पंधरावीस माणसे भेटतात. त्या भेटी वाचताना मी एक युक्ती करतो आणि विद्यार्थ्यांनाही ती सुचवतो. माणसे काय बोलतात ते क्षणभर बाजूला ठेवा. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, तेवढेच पाहा. पैसा, भाकरी, पाणी, मिठाई, चहा. कादंबरीतले प्रत्येक नाते तिथे उघडे पडते.

पैशापासून सुरुवात करू, कारण तो माझ्या व्यवसायाचा भाग आहे. बखा पानवाल्याकडे सिगारेट घ्यायला जातो. पानवाला एका फळीकडे बोट दाखवतो. बखाने आणा तिथे ठेवायचा. मग पानवाला त्या नाण्यावर पाणी ओततो, नाणे उचलून गल्ल्यात टाकतो आणि सिगारेटचे पाकीट बखाच्या दिशेने फेकतो. पुढे जिलबीच्या दुकानातही तेच. हलवाई मापात मारतो, पुडके भिरकावतो आणि नाण्यांवर पाणी शिंपडले जाते. मी कॅश काउंटरवर बसतो. माझ्यासमोर येणारी नोट कोणाकोणाच्या हातातून आली हे कोणी विचारत नाही. मच्छीवालीची नोट, भटजींची नोट आणि मजुराची नोट एकाच गड्डीत बांधली जाते. बखाचा आणासुद्धा पाणी शिंपडून का होईना, गल्ल्यात गेला. बखाला मात्र शुद्ध करून आत घेण्याची सोय कोणत्याही पाण्यात नव्हती.

इथे आपल्या महाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेच्या जागी आपल्या लोकांना पाणी मिळण्याची सोय नव्हती, म्हणून सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपयांना विटाळ नव्हता. ओंजळीला होता. कादंबरी पंजाबातली, परिषद महाडची, परंतु हिशेबाची वही एकच आहे.

आता भाकरी. जिलबी खात रस्त्याने जाताना बखाचा एका सवर्ण गृहस्थाला धक्का लागतो. गृहस्थ ओरडतो, गर्दी जमते, सगळे मिळून त्याला घेरतात, पण मध्ये मोकळी जागा राखून, कारण हात लावला तर विटाळ. तरीही शेवटी तो गृहस्थ बखाच्या थोबाडीत मारतोच. मारण्यासाठी स्पर्श चालतो. जिलब्या धुळीत पडतात. मारणारा निघून गेल्यावर एक मुसलमान टांगेवाला तेवढा त्याच्याशी माणसासारखे बोलतो. त्यानंतर बखा दारोदार भाकरी मागतो. एका घरातली बाई दाराशी आलेल्या साधूला आदराने वाढते आणि बखाची भाकरी वरच्या मजल्यावरून खाली टाकते. त्याने ती धुळीतून उचलायची. आपल्या गावांत येसकराची पाळी असलेल्या घरातून टोपली घेऊन भाकरी मागायला जात, ते पाहिलेली पिढी आता थोडी उरली आहे. तिला हे वर्णन समजावून सांगण्याची गरज नाही.

धुळीत पडलेल्या जिलब्या वाचताना मला २० मार्चचा दुपारचा प्रसंग दिसतो. तळ्यावर पाणी पिऊन लोक मंडपात परतले. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा गावात उठली आणि लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. काही लोक जेवत होते. त्यांचे अन्न मातीत मिसळले गेले, माणसे रक्तबंबाळ झाली. बखाने थोबाडीत खाल्ली ती नकळत लागलेल्या धक्क्यामुळे. महाडच्या लोकांनी मार खाल्ला तो समजून उमजून टाकलेल्या पावलामुळे. या दोहोंत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर विहिरीच्या प्रसंगात स्पष्ट होते.

विहिरीचा प्रसंग बखाच्या बहिणीचा, सोहिनीचा. अस्पृश्यांना विहिरीच्या कट्ट्यावर चढण्याची मनाई. त्यांनी घागरी घेऊन खाली थांबायचे आणि कोणी सवर्ण येऊन दया करील तर पाणी घ्यायचे. सोहिनी थांबते, हात जोडून विनवते. शेवटी पंडित कालीनाथ हा पुजारी पाणी काढतो आणि आधी सोहिनीला देतो. वाचणाऱ्याला वाटते, चला, एक तरी भला माणूस भेटला. पण त्याची नजर पाण्यावर नसते, मुलीवर असते. तो तिला देवळाच्या अंगणात झाडायला बोलावतो, तिथे तिच्या अंगचटीला जातो, ती किंचाळली की स्वतःच ‘विटाळ झाला’ म्हणून बोंब मारतो. स्पर्श करणारा तो, आणि विटाळ तिचा! दुसऱ्याच्या मर्जीने मिळणाऱ्या पाण्याची किंमत किती असते, हे आनंद यांनी या एका प्रसंगात दाखवले आहे. ज्याच्या हातात दोर, त्याच्याच हातात घरच्या लेकीबाळींची अब्रू.

महाडने दोर दुसऱ्याच्या हातात ठेवला नाही. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ च्या जानेवारीत तसा ठराव केला होता. कागद तयार होता, पण तळ्यावर कोणी गेले नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो पावले चवदार तळ्याकडे चालू लागली आणि लोकांनी आपापल्या ओंजळीने पाणी घेतले. कोणी काढून दिले नाही, कोणी वरून ओतले नाही. नंतर सनातनी मंडळींनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याचे शुद्धीकरण केले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात मनाई हुकूम आला, खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. परंतु पहिल्या ओंजळीचा दिवस १९२७ चाच. कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या आठ वर्षे आधी महाडची सोहिनी कट्टा चढून गेली होती.

असे असूनही कादंबरीत बखाला महाडची बातमी कळत नाही. दिवसअखेर त्याच्यापुढे तीन मार्ग येतात. पहिला मार्ग कर्नल हचिन्सन या पाद्री साहेबाचा. तो येशूविषयी सांगतो, पण त्याची मडम बखाला पाहून संतापते. दुसरा मार्ग गांधीजींचा. मैदानावर सभा होते, अस्पृश्यता हा हिंदूंच्या माथ्यावरचा कलंक आहे असे ते सांगतात, आणि अस्पृश्यांनीही स्वच्छ राहावे, व्यसने सोडावीत असा उपदेश करतात. तिसरा मार्ग एका कवीच्या तोंडी आहे : पाण्याच्या जोराने मैला वाहून नेणारे यंत्र येईल, म्हणजे हे कामच उरणार नाही. बखा या विचारांनी भारावून घरी निघतो. तिन्ही मार्गांत बखाने ऐकायचे आहे, थांबायचे आहे. त्याने स्वतः काय करायचे हे कोणीच त्याला विचारीत नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पण त्या आवाजाला या पुस्तकात जागा मिळाली नाही. आपला वाचक म्हणून ही उणीव मी नोंदवून ठेवतो. आनंद यांची सहानुभूती खरी आहे, पण ते बाहेरून आलेले लेखक आहेत. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा आतला माणूस स्वतः बोलू लागला. यंत्राच्या आशेचे म्हणाल, तर हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला आणि दुसरा २०१३ साली. तरीही गटारात उतरून गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या आपण वाचतोच. यंत्र आले, पण उतरणारा माणूस बदलला नाही.

मात्र उणीव सांगून पुस्तक मिटवू नये. या कादंबरीत एक प्रसंग असा आहे की त्यासाठी मी ती पुन्हा पुन्हा वाचतो. चरतसिंग नावाचा हवालदार आहे, हॉकीचा नावाजलेला खेळाडू. त्याने बखाला हॉकीची काठी द्यायचे कबूल केले आहे. बखा दुपारी त्याच्याकडे जातो. चरतसिंग सहज सांगतो, जा, स्वयंपाकघरातून माझ्या चिलमीत दोन निखारे घेऊन ये. बखाचा विश्वास बसत नाही. ज्या चिलमीला हा हिंदू माणूस तोंड लावणार, ती माझ्या हातात? वीज अंगातून गेल्यासारखे त्याला होते. पुढे त्याला नवी कोरी काठी मिळते, त्याचाही त्याला आनंद होतो. पण खरा आनंद त्या चिलमीचा. दिवसभरात त्याला अनेकांनी काही ना काही दिले होते : भाकरी, शिव्या, उपदेश, दया. पण त्याच्या हातचे काही घेणारा हा एकटाच. नाही म्हणायला पुढे एक प्रसंग येतो. हॉकीच्या खेळात मारामारी होते, दगड लागून बाबूंचा लहान मुलगा जखमी होतो, बखा त्याला उचलून घरी नेतो. त्या वेळी मुलाची आईसुद्धा विटाळ केलास म्हणून त्यालाच बोल लावते. त्याच्या हातून आपले रक्ताळलेले मूलसुद्धा तिला गोड मानून घेता येत नाही.

आणि चरतसिंगही पुरता सीमा ओलांडतो असे नाही. चिलीम घेतो, पण चहा देताना स्वतःच्या पेल्यातला चहा बखापुढच्या भांड्यात वरून ओततो. भला माणूस आहे, पण सवय हाताला चिकटलेली आहे. आपल्याकडे वळचणीला वेगळी कपबशी असे, तीच ही गोष्ट. आनंद यांनी चरतसिंगला देव केले नाही, म्हणून तो खरा वाटतो.

माझ्या मते या कादंबरीचे सार इथे आहे. देणे सोपे असते. देणारा हात वर राहतो, घेणारा खाली. दान, दया, मदत यांनी सीमा पुसली जात नाही, कधी कधी ती अधिक ठळक होते. समतेची परीक्षा घेणाऱ्या हाताची आहे. आपण कोणाच्या हातचे पाणी पितो, कोणाच्या घरचे जेवतो, कोणाची लेक सून म्हणून आणतो, यावरून आपण कोणाला बरोबरीचे मानतो ते ठरते. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रकृती नावाच्या चांडालकन्येची कथा आहे. भन्ते आनंद तिच्याकडे पाणी मागतात. मी चांडाल, माझ्या हातचे पाणी कसे देऊ, असे ती म्हणते. मी पाणी मागितले, जात विचारली नाही, असे ते उत्तर देतात. तिला कोणी काही दिले नाही. तिच्या हातचे घेतले. लेखकाचे आडनावही आनंदच, हा योगायोग म्हणा. पण सोहिनीच्या विहिरीवर त्या दिवशी भन्ते आनंदांसारखा पाणी मागणारा कोणी आला नाही, आला तो कालीनाथ.

बंधू-भगिनींनो, इथपर्यंतचे ऐकणे आपल्याला सोपे गेले असेल, कारण दोष दुसऱ्यांचा होता. कादंबरीचा यापुढचा भाग अवघड आहे. सोहिनी विहिरीखाली थांबलेली असते, तेव्हा तिला सर्वांत घाणेरड्या शिव्या कोण देते? ब्राह्मण नव्हे, बनिया नव्हे. गुलाबो नावाची परटीण. तीही कट्ट्याखालीच उभी आहे, तिलाही विहिरीला हात लावता येत नाही. पण परीट झाडूवाल्यापेक्षा वरचा, एवढ्या बळावर ती सोहिनीवर हात उगारते. वझीरो ही कोष्ट्याची बायको मध्ये पडते म्हणून प्रकरण निभावते. पाणी दोघींनाही नाही, आणि भांडण मात्र दोघींचे! बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती हीच. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात त्यांनी जातिव्यवस्थेला पायऱ्यांची रचना म्हटले आहे. प्रत्येकाला कोणी तरी खाली सापडतो, म्हणून कोणीच जिना मोडायला तयार होत नाही.

गुलाबोचा मुलगा रामचरण हा बखाचा मित्र. चांभाराचा छोटा हा दुसरा मित्र. तिघे एकत्र खेळतात, एकत्र हिंडतात. त्यांनी आपसातला भेद टाकून दिला आहे असे लेखक सांगतो, आणि लगेच पुढे एक बारीक तपशील देतो : ते एकत्र खातात ते कोरडे पदार्थ, पाणी घालून केलेले नव्हेत. मैत्रीतसुद्धा एक रेघ राहून गेली. रामचरणच्या बहिणीचे लग्न असते. बखाला ती लहानपणापासून आवडत होती, पण परटाची मुलगी त्याला कोण देणार? तो लांबून मंडप पाहतो. मग रामचरण लग्नातली मिठाई घेऊन येतो आणि रुमाल पुढे करतो. सकाळपासून अपमान सोसून थकलेला बखा म्हणतो, माझ्याकडे फेक. मित्र चकित होतात. फेकून द्या असे त्याला कोणी सांगितलेले नाही. तो स्वतः मागतो. सीमा रस्त्यावरून उठून त्याच्या मनात जाऊन बसली आहे.

अशी मनात बसलेली सीमा मला बँकेतही दिसते. वाडीवरची एखादी कातकरी बाई पैसे काढायला येते. टोकनचा नंबर तिचाच पुकारला जातो, पण मागून कोणी पांढरपेशा गृहस्थ आला की ती आपण होऊन बाजूला सरकते. ‘बाई, नंबर तुमचा आहे’ असे सांगावे लागते. तिला कोणीही हटकलेले नसते. पासबुक काचेखालून पुढे सरकवते आणि हात पटकन मागे घेते. त्या हाताकडे पाहिले की मला बखा आठवतो.

कातकरी हे नाव कात करण्याच्या धंद्यावरून पडले. आपल्या रायगड जिल्ह्यात त्यांच्या वाड्या जागोजागी आहेत, महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवरही आहेत. सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना आदिम जमाती म्हणून नोंदले, त्यांत कातकरी आहेत, कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर. वीटभट्ट्या आणि कोळशाच्या भट्ट्या हे त्यांचे पोट. सुगी संपली की कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. आता आपणच आपल्याला विचारू या. आपल्या घरच्या लग्नात मांडव घालायला, लाकडे फोडायला वाडीवरची माणसे येतात. त्यांचे जेवण कोणत्या पंगतीला असते? आपल्यापैकी कितीजण त्यांच्या झोपडीत बसून त्यांच्या हातचा चहा प्यायले आहेत? जयंतीच्या कार्यक्रमाला आपण त्यांना खाऊ वाटतो, वह्या वाटतो, ते चांगलेच आहे. पण तो देणारा हात झाला. घेणारा हात कुठे आहे?

आणि केवळ कातकरी का म्हणावे? बौद्ध, चर्मकार, मातंग यांच्यामध्ये सोयरीक जुळवायची वेळ आली की आपल्यातलेही किती घरे गप्प होतात? २५ डिसेंबर १९२७ च्या महाडच्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की, नुसते पाणी पिण्यासाठी आपण तळ्यावर जात नाही, समतेसाठी जातो, आणि बेटीबंदी उठल्याशिवाय अस्पृश्यतेचे मूळ उखडणार नाही. तो उपदेश सवर्णांपुरता होता असे मानून आपल्याला सुटता येणार नाही. त्या परिषदेची जुळणी करणाऱ्यांची नावे पाहा. दासगावचे रामचंद्र मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे, शिवतरकर. वेगवेगळ्या जातींत जन्मलेली ही माणसे होती. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. तळ्याच्या पाण्यापर्यंतचा रस्ता अशा अनेक हातांनी तयार झाला होता.

शिकलेल्या तरुणांना आणखी एक गोष्ट सांगतो. सुरुवातीला मी पिपचे नाव घेतले. शिक्षण आणि नोकरी मिळाली, मुंबईला किंवा पुण्याला ब्लॉक झाला, की गावाकडचा पागोटेवाला चुलता दाराशी आल्यावर शेजारी काय म्हणतील असे वाटू लागते. बखाची सीमा मोडून आपण बाहेर पडलो, ते पिपची सीमा नव्याने बांधण्यासाठी नव्हे. आपली पदवी त्या चुलत्याच्या घामावर उभी आहे.

या भागाला विटाळाविरुद्ध बोलण्याची परंपरा फार जुनी आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून पेन्शन घेऊन आले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहिले. बखा ज्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचे जुने कपडे घालून मिरवतो, तशाच छावण्यांत आपले पणजोबा खरा गणवेश घालून, बंदूक खांद्यावर घेऊन राहिले होते. तिथे त्यांना आपण माणूस आहोत याची पहिली खूण पटली, आणि गावी परतल्यावर जुनी वागणूक सहन होईना. बखाला कपडे मिळाले, गोपाळबाबांना अक्षरे मिळाली. फरक अक्षरांचा आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी इंग्रजी कादंबरी परीक्षेपुरती वाचू नये, आपल्या गावाचा नकाशा शेजारी ठेवून वाचावी.

शेवटी एक सूचना मांडतो. ती मान्य करायची की नाही हे आपण ठरवावे. येत्या २० मार्चला आपण नेहमीप्रमाणे चवदार तळ्यावर अभिवादनाला जाऊच. त्याआधी एक दिवस प्रत्येक गावच्या शाखेने जवळच्या कातकरी वाडीवर जावे. भाषणे नकोत, वाटप नको. आधी निरोप देऊन, त्यांची सोय-गैरसोय विचारून जावे, शिधा आपण न्यावा, पण चूल त्यांची, वाढणारे हात त्यांचे आणि पंगतीला आपण. जेवून झाल्यावर त्यांच्यातले जे येऊ इच्छितात त्यांना दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर तळ्यावर यायचे आमंत्रण द्यावे, आणि मिरवणुकीत त्यांनी मागे नव्हे, बरोबरीने चालावे. या एका दिवसाने समाज बदलेल असे मी म्हणत नाही. पण बखाला दिवसभरात जो हात फक्त एकदाच भेटला, तो हात आपल्या तालुक्यात काही घरांना तरी भेटेल.